सी ड्राइव्हमधला गड

शटर खडखडलं तेव्हा मी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, वारा असेल. पण ते धाडकन पार खालपर्यंत आलं आणि भर दुपारी दुकानात अंधार झाला.

"ताई, की-बोर्डवरनं हात काढ," मागून इंद्रजित म्हणाला.

मी वळले. त्याच्या हातात कोयता होता. ऊसतोडीचा, नवा कोरा, मुठीवर दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं. त्याच्यामागे पप्या उभा होता. पप्या म्हणजे गावगुंड जालिंदरचा उजवा हात. गावात कुणाचं हाड मोडलं की पहिलं नाव त्याचं निघायचं.

"लाज वाटते का रे तुला?" मी म्हणाले. "काल अवधूतचा दहावा झाला. काल तोंड दाखवलं नाहीस आणि आज कोयता दाखवायला आलास?"

"पेनड्राइव्ह दे."

"कसला पेनड्राइव्ह?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नको ताई. शौकतभाईनं दिलेला. काल दिलाय, आम्हाला सगळं कळलंय."

मी तशी तोंडाची फाटकी. पण त्या घडीला भांडायचं सोडून मी कॉम्प्युटर अंगाआड करायला बघत होते. कारण तो पेनड्राइव्ह माझ्या पुढ्यातच होता, कॉम्प्युटरला लावलेला. त्यात माझ्या भावाला कुणी मारलं त्याची फिल्म होती. साऱ्या गावात तेवढा एकच साक्षीदार होता, आणि तो मी अजून बघितलासुद्धा नव्हता.

अवधूत माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून एसटी स्टँडच्या मागल्या गल्लीत हे दुकान टाकलं होतं. पुढं माझं काम चालायचं, लग्नपत्रिका, फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्म. मागच्या खोलीत त्याचे चार कॉम्प्युटर, पोरांना गेम खेळायला. पोरं स्वतःचे पेनड्राइव्ह आणायची आणि त्यातनं व्हायरस यायचे. एका लग्नसराईत त्या व्हायरसनं माझ्या सगळ्या पत्रिका खाल्ल्या. नवरीकडचे लोक दुकानात येऊन मला शिव्या घालून गेले. त्याच संध्याकाळी अवधूतनं सगळ्या मशिनींवरचं विंडोज उपटून टाकलं आणि लिनक्स बसवलं, त्याला असले व्हायरस लागत नाहीत म्हणून.

पोरं बोंबलायला लागली. गेम सगळ्या विंडोजच्या, त्या लिनक्सवर चालणार कशा? तर यानं वाइन नावाचा एक प्रोग्रॅम आणला. आईनं ते नाव ऐकून दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"हे करतं काय नक्की?" मी विचारलं होतं.

"सोंग," तो म्हणाला. "गेमला विंडोजचं घर लागतं. मी तिला एक खोली देतो आणि सांगतो, बाई गं, हाच तुझा सी ड्राइव्ह. ती तिथं सुखानं नांदते. खरं घर बाहेर असतं, तिला त्याचा पत्तासुद्धा नसतो."

"म्हणजे सी ड्राइव्ह खोटा?"

"नुसतं एक फोल्डर आहे गं. उडवलं तरी मशीनच्या बापाचं काही जात नाही."

पोरांना त्यानं हे कधी सांगितलं नाही. पोरांना काय, स्क्रीनवर सी दिसला की झालं. इंद्रजितलाही तसंच वाटायचं. सी म्हणजे मशीन आणि मशीन म्हणजे सी. नवी गेम आली की तोच सीमध्ये टाकायचा आणि दुनियाभरची अक्कल शिकवायचा.

इंद्रजित अवधूतचा जिवाभावाचा दोस्त होता. पोरका पोर, चुलत्याच्या घरी वाढलेला. जालिंदर त्याचा चुलतभाऊ. दर राखी पौर्णिमेला मी अवधूतनंतर त्याच्या हाताला राखी बांधायची आणि तो दरवर्षी मला एकच कॅडबरी द्यायचा, तीही निम्मी स्वतः खायचा. दोघं मिळून एक लढाईचा खेळ खेळायचे. जमीन जिंकायची, तट बांधायचे, विहिरी खोदायच्या, सैन्य पोसायचं. दोन वर्षं रोज संध्याकाळी ते एकच गड बांधत होते. त्याचं नाव काय ठेवायचं यावरनं इतके भांडले की शेवटी नाव पडलं भांडणगड. हा गड पुढच्या बाजूच्या माझ्या मशीनवर होता, कारण तेच काय ते जरा दमाचं मशीन होतं.

"शेवटची स्वारी राहिलीय ताई," इंद्रजित सांगायचा. "मग सगळा मुलूख आपला!"

"आधी घरचा मुलूख सांभाळा," मी म्हणायची. "जेवायची वेळ झाली."

मग जालिंदरची नजर आमच्या मागच्या खोलीवर पडली. त्याला तिथं पत्त्यांचा अड्डा हवा होता. अवधूत नाही म्हणाला. दुसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा जालिंदर माझ्याबद्दल काहीतरी घाण बोलला. अवधूतनं त्याची कॉलर धरली आणि सगळ्या गल्लीसमोर त्याला गटारात लोळवला. लोक हसले. जालिंदरला कुणी हसलेलं गावानं त्याआधी पाहिलं नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत नाक्यावर, दिवेलागणीला, शौकतभाईंच्या टायरच्या दुकानासमोर माझ्या भावाला घेरलं. मिरजेच्या दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच त्यानं माझ्या मांडीवर जीव सोडला. डोक्याला बांधलेली माझी ओढणी जड झाली होती, इतकं रक्त. नाक्यावर पन्नास माणसं होती आणि एकानंही काही पाहिलं नव्हतं. पण कुजबूज सगळीकडं एकच होती. रॉड इंद्याचा होता. इंद्यानंच घातला.

शौकतभाईंच्या दुकानावर कॅमेरा होता. त्याचं मशीन जालिंदरच्या पोरांनी त्याच रात्री उचकटून नेलं. पण त्याआधी शौकतभाईंनी तेवढा तुकडा पेनड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. दहाव्याला आले, तेव्हा रुमालात गुंडाळून माझ्या मुठीत कोंबला.

"मी नाही बघितलं बेटी," म्हणाले. "छाती झाली नाही. तू बघ."

मी फौजदार सावंतांना फोन केला. ते म्हणाले, लगेच घेऊन या. मी म्हटलं, एक कॉपी काढते, एकदा डोळ्यांनी बघते आणि येतेच. तो एकच होता ना! हरवला, मोडला तर? कॉपी काढली, पण बघायचं काही जमेना. ती फिल्म फक्त कॅमेऱ्याच्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, आणि तो प्रोग्रॅम विंडोजचा. दुसऱ्याच्या दुकानात न्यावं तर संध्याकाळपर्यंत जालिंदरच्या कानावर जाणार. म्हणून मी तो प्रोग्रॅम अवधूतच्या वाइनमध्ये बसवला. फिल्मही तिथल्या सीमध्ये टाकली. सकाळपासून हजार खटपटी केल्या. प्रोग्रॅम सुरू व्हायचा, काळी चौकट यायची आणि तिथंच थिजायचा. मी रडकुंडीला आले होते. आणि आता हे दोघं.

पप्यानं पुढं होऊन पेनड्राइव्ह उपटला, फरशीवर टाकला आणि माझं पत्रिका टाचायचं जड स्टेपलर उचलून त्याचा भुगा केला. एक तुकडा उडून माझ्या गालाला लागला.

"झालं समाधान?" मी म्हणाले. "आता चालते व्हा."

"थांब," इंद्रजित म्हणाला. तो स्क्रीनकडं बघत होता. काळ्या चौकटीच्या डोक्यावर फाइलचा पत्ता दिसत होता, आणि तो सीपासून सुरू होत होता. "हिनं कॉपी केलीय. सीमध्ये हाय."

"मग उडव की! आरती ओवाळतोस काय?"

इंद्रजित खुर्चीकडं आला तशी मी मधे पडले. त्याच्या छातीत दोन्ही हातांनी ढकललं. "हात लावून बघ! अवध्याला खाल्लंस, आता त्याच्या रक्ताची खूणपण पुसतोस? राखी बांधली रे मी या हाताला!"

"ताई, बाजूला हो. तुला लागू द्यायचं न्हाई मला."

"मला लागू देत नाहीस? आणि त्याला?"

त्यानं मान खाली घातली. मला त्याचा इतका संताप आला की मी टेबलावरचा कटर उचलला. पण मधे पप्या आला आणि तो कटर त्याच्या दंडात घुसला, मुठीपर्यंत. पप्या बैलासारखा डुरकला. त्यानं माझे केस धरले आणि माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नाकातनं रक्ताची चिळकांडी उडाली. पुढचा एक दात हलला तो मला जिभेला कळला. खाली पडले तर त्यानं पोटात लाथ घातली.

"पप्या!" इंद्रजित ओरडला. "जालिंदरदादानं हिला हात लावायला सांगितलं न्हवतं!"

"दादानं काम करून यायला सांगितलंय. तुझ्यानं हुत न्हाई म्हणूनच मला धाडलंय संगट."

कोपऱ्यात माझं कागद कापायचं मशीन होतं. लोखंडी, जुनं, दांडा ओढला की हातभर लांबीचं पातं खाली येतं. पाचशे पत्रिका एका दमात कापायचं. पप्यानं मला फरफटत तिथं नेलं, माझा डावा हात पात्याखाली दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं दांडा पकडला. त्याच्या दंडातलं रक्त माझ्या मनगटावर टपटपत होतं.

"इंद्या, उडव. न्हाईतर हिची बोटं पत्रिकेसारखी कापतो."

"उडवतो! उडवतो, दांडा सोड!" इंद्रजित खुर्चीवर बसला. कोयता टेबलावर टाकून त्यानं माउस धरला. "ताई, आणि कुठं ठेवलीयस का? खरं सांग. सगळं एकदाच मिटू दे."

आता ऐका. कॉपी मी आधी काढली होती ती अवधूतच्या फोल्डरमध्ये. बाहेर, खऱ्या घरात. तिथनं मग सीमध्ये. मार खाऊन माझं डोकं भणभणत होतं, पण एवढं मला स्वच्छ कळलं की हा सीच्या पलीकडं बघणार नाही. फक्त त्याची खात्री पटायला हवी होती. मी गळा काढला.

"सी नको रे इंद्या! पाया पडते! सगळं तिथंच आहे. माझ्या भावाचं सगळं तिथं आहे. तुमचा भांडणगडसुद्धा तिथंच आहे!"

निम्मं नाटक होतं. निम्मं खरंच होतं, कारण गड तिथंच होता.

इंद्रजित थांबला. त्यानं सी उघडला होता, फोल्डरांची रांग समोर होती, आणि खेळाच्या फोल्डरात अवधूतनं स्वतः टाकलेलं ते नाव दिसत होतं. त्याच्या चेहऱ्यावर स्क्रीनचा उजेड पडला होता. तो नाव बघत होता आणि मी त्याला बघत होते.

"काय दर्शन घेतोस का?" पप्यानं दांडा वीतभर खाली ओढला. पात्याची धार माझ्या बोटांना टेकली.

इंद्रजितनं सगळं एकदम निवडलं आणि उडवलं. मग कचऱ्याची टोपली रिकामी केली. एकामागनं एक चौकटी आल्या, हे सापडत नाही, ते सापडत नाही, आणि तो काळा प्रोग्रॅम मिटला.

"गेलं," तो म्हणाला. "सगळं गेलं."

"मशीनच फोडून टाकू की."

"फोडून कशाला पुरावा करतोस? सी गेला म्हणजे मशीन मेलं. आता आत काय बी न्हाई. व्हायरस आला म्हणायचं. चल."

"चल," पप्या म्हणाला, आणि दंडातल्या जखमेचा सूड म्हणून त्यानं दांडा खाली ओढला.

मी हात मागं खेचला होता. म्हणून दोनच बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारची, पहिल्या पेरापर्यंत. कच्चकन आवाज झाला, तो अगदी कागद कापल्यासारखा होता. दुखलं नंतर. आधी मी किंचाळले. मग इंद्रजित किंचाळला, माझ्यापेक्षा मोठ्यानं. तो पप्याच्या अंगावर धावून गेला आणि पप्यानं एका थपडेत त्याला भिंतीवर फेकला.

तेवढ्यात शटरवर दणके बसायला लागले. "हेमा! हेमा बेटी!" शौकतभाई होते, हातात चाकाचा पाना घेऊन. त्यांच्यामागनं गल्लीचा गलका ऐकू आला. पप्यानं कोयता उचलला, जाता जाता मॉनिटरच्या काचेत हाणला आणि इंद्रजितला गचांडी धरून मागच्या दारानं घेऊन गेला.

शौकतभाईंनी शटर वर केलं आणि मला बघून ते धावत आत आले. त्यांनी डोक्याची टोपी काढून माझ्या हाताला दाबून धरली. "दवाखान्यात चल. उठ. उठ बेटी."

"आधी मागच्या खोलीतला मॉनिटर आणा."

"वेड लागलं का तुला? बोटं खाली पडलीत!"

"पडू द्यात. मॉनिटर आणा म्हणते ना मी!"

त्यांनी आणला. मी उजव्या हातानं तारा जोडल्या, डावा हात त्यांनी उंच धरून ठेवला होता. मशीन चालूच होतं. मेलं कुठं होतं ते! अवधूतचं फोल्डर उघडलं. फिल्म जिथल्या तिथं होती. प्रोग्रॅमची मूळ प्रतही शेजारी होती. वाइनला हाक मारली तर त्यानं निमूटपणे दुसरा सी बांधायला घेतला, रिकामा, कोरा.

आणि मग जे झालं ते सांगते तेव्हा लोकांना पटत नाही. सकाळपासून थिजणारा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात उघडला. जुन्या सीमध्ये अवधूतनं गेमसाठी शंभर जुगाड करून ठेवले होते. त्यातच कुठंतरी हा अडकत होता. इंद्रजितनं तो सगळा पसारा झाडून काढला आणि याची वाट मोकळी झाली. त्यानंच साफ केली. त्याच्याच हातानं.

काळ्या चौकटीत नाका दिसायला लागला. उसाच्या रसाचा गाडा, शौकतभाईंच्या टायरांची चळत. माझा भाऊ, सायकलवरनं उतरताना. निळा शर्ट. आवाज नव्हता.

तिघं आले. इंद्रजित पुढं होता, हातात रॉड. जालिंदर त्याला मागनं ढकलत होता, तोंडानं काहीतरी बोलत होता. अवधूत इंद्रजितकडं बघून हसला. हो, हसला! त्याला वाटलं असेल, हा काय मला मारतोय. इंद्रजितनं डोळे मिटले आणि रॉड फिरवला. तो रसाच्या गाड्याच्या लोखंडी खांबावर बसला, हातातनं निसटला आणि रस्त्यावर गडगडला. इंद्रजित गुडघ्यांवर पडला आणि तोंड झाकून ओकायला लागला. त्याची पाठ होती सगळ्यांकडं.

मग जालिंदरनं तो रॉड उचलला. अवधूत इंद्रजितला उठवायला वाकला होता. दोस्ताच्या काखेत हात घालणार होता तो. जालिंदरनं मागनं डोक्यात घातला. अवधूत पडला. मग आणखी घातला. मी मोजलं नाही. पायानं उताणा केला आणि पुन्हा घातला. मग रक्तानं माखलेला रॉड इंद्रजितच्या गुडघ्याशी टाकला, त्याचं बखोट धरून त्याला वळवला आणि बोटानं दाखवलं. बघ. बघ तू काय केलंस.

इंद्रजितनं बघितलं. रॉड बघितला, अवधूतला बघितलं, आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या.

"या अल्ला," शौकतभाई म्हणाले आणि जमिनीवर बसले.

इतके दिवस मी ज्याच्या नावानं बोटं मोडत होते, तो हा नव्हताच. आणि तो स्वतः मात्र इतके दिवस स्वतःला खुनी समजत होता.

फौजदारांनी त्याच रात्री तिघांना उचललं. सकाळी हाताला हे एवढं पांढरं गाठोडं बांधून मी चौकीत गेले. शौकतभाईंच्या टेम्पोतनं मशीनच नेलं होतं, कारण फिल्म चालत होती ती त्याच्यावरच. फौजदार म्हणाले, तुम्ही बाहेर बसा. मी म्हटलं, लावणार कोण मग? मी बसले नाही.

जालिंदर बाकावर पाय पसरून बसला होता. "ते पोरगं तापट आहे साहेब," म्हणत होता. "मी आडवायला गेलो होतो. त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय माझ्याजवळ."

"केलंय," इंद्रजित म्हणाला. बेड्या घालून त्याला कोपऱ्यात उभा केला होता. माझ्या हाताकडं बघवेना त्याला. "मीच मारला. लिहून घ्या आणि सोडवा मला यातनं."

"हे बघ आधी," फौजदार म्हणाले.

मी फिल्म लावली. इंद्रजितला आधी कळलंच नाही, ती आली कुठनं. तो मशीनकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा. मग नाका दिसला. रॉड खांबावर बसला. इंद्रजित पुढं सरकला. जालिंदरनं रॉड उचलला. फिल्म संपली.

"परत लाव ताई," तो म्हणाला.

मी परत लावली.

अवधूत त्याच्या काखेत हात घालायला वाकला, तिथं इंद्रजितच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाचा म्हणून कधी ऐकला नाही. त्यानं झेप घेतली. बेडीची साखळी जालिंदरच्या गळ्यात अडकवली आणि बाकासकट त्याला खाली पाडला. त्याच्या छातीवर गुडघा रोवून ती साखळी ओढत राहिला. "तो मला उठवत होता रं! मला उठवत होता तो!" चार शिपाई त्याला लोंबकळले तरी सुटेना. एकानं काठी घातली, त्याचं कपाळ फुटलं, तरी सुटेना. जालिंदरची जीभ बाहेर आली, डोळे पांढरे झाले, पाय फरशी खरडायला लागले. मी उभी होते. मी सोडवायला गेले नाही. शेवटी फौजदारांनी स्वतः त्याच्या बोटांत बोटं घालून साखळी सोडवली.

जालिंदर जगला. त्याला खोकत खोकत बाहेर नेला. इंद्रजित तिथंच भिंतीला टेकून बसला, कपाळातनं रक्त डोळ्यात जात होतं.

"ताई, मी न्हवतो," तो म्हणाला. लहान पोरासारखा. "मी न्हवतो मारला."

मी त्याच्यासमोर गेले आणि उजव्या हातानं जीव खाऊन त्याच्या कानाखाली वाजवली.

"रॉड घेऊन आला होतास की नाही?"

बेडी घातलेल्या हातांनी त्यानं डोळ्यातलं रक्त पुसलं.

"कोयता घेऊन आला होतास की नाही? मग? नव्हतो काय नव्हतो!"

जालिंदरला जन्मठेप लागली. पप्यालाही बरीच वर्षं पडली, आणि इंद्रजितलाही. इंद्रजितविरुद्ध साक्ष मी स्वतः दिली, दुकानातल्या प्रकाराची. आणि जालिंदरविरुद्ध त्यानं दिली. जे जसं होतं तसं दोघांनी सांगितलं.

आता त्याला किती वर्षं झाली. पोरं मोबाइलवर खेळतात, मागची खोली मी झेरॉक्सला दिली. पण माझ्या मशीनवर अजून लिनक्सच आहे. आठ बोटांनी टायपिंग करते आणि अजून गावात माझ्यासारखी पत्रिका कुणी करत नाही.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी शटर अर्ध्यावर ओढून बसले होते, उन्हासाठी. खालनं वाकून एक माणूस आत आला. डोक्यावरचे केस गेलेले, कपाळावर जुना व्रण. मी ओळखलं.

"ताई म्हणू का?" त्यानं विचारलं.

"म्हण. कोयता आणला नाहीस ना?"

तो हसला नाही. मी स्टूल पुढं सरकवलं, पाणी दिलं. भांडं दोन्ही हातांत धरून त्यानं मशीनकडं बघितलं.

"आत जेलात कॉम्प्युटर शिकवायला एक सर यायचे," तो म्हणाला. "त्यांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, लिनक्सवर तो सी नुसता सोंगाचा असतो. खरं सगळं बाहेर असतं. म्हणून फिल्म राहिली म्हणे."

"खरं आहे."

"मला म्हाईतच न्हवतं. अवध्यानं कधी सांगितलं न्हाई."

"तू कधी विचारलं नाहीस. तुला सगळंच येत होतं ना."

त्यानं मान हलवली. भांडं खाली ठेवलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "मग ताई, आमचा भांडणगड बी असंल न्हवं बाहेर? एवढंच विचारायला आलतो. शेवटची स्वारी राहिलीय."

त्याच्यावरचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता. हे उत्तर देताना मला गोड वाटेल असं मला वाटलं होतं. नाही वाटलं.

"फिल्म बाहेर होती, इंद्या," मी म्हणाले. "गड तेवढा आत होता."

बाहेर कुणीतरी झेरॉक्ससाठी हाक मारली, मी थांब म्हटलं.

"मी बघितलं होतं ते नाव," तो म्हणाला. "उडवताना."

"माहीत आहे मला. मी तुझ्याकडंच बघत होते."

तो उठला, चपला घातल्या. वाकून बाहेर गेला आणि जाता जाता अर्ध्यावरचं शटर त्यानं पार वरपर्यंत ढकलून दिलं.